सात नंबरचं पिंप

“आठ लिहिलंस?” अनातोलबाबांनी विचारलं.

ऋजुताचं पेन कागदावर टेकलेलं होतं. टोकाशी शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत होता.

चार, पाच, सहा... आणि मग थेट आठ. मधलं सात कुठं गेलं?

तिनं हळूच वर पाहिलं. म्हातारा खिडकीशी बसून ब्रेडला लोणी लावत होता. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. चेहऱ्यावर कोऱ्या भिंतीवर असतं तेवढंच.

“लिहिते,” ती म्हणाली.

पण लिहिलं नाही.

फ्रान्सच्या पूर्वेला, जुराच्या डोंगरांत, अशी एक पांढरी वाइन करतात की तिची रीत ऐकून शहाणा माणूस हसेल. सगळ्या जगात वाइनवाले पिंप तुडुंब भरून ठेवतात. लाकडातून थोडी उडून गेली की वरून लगेच भरतात. हवा आत शिरली की वाइनचं व्हिनेगर होतं, हे त्यांना शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ असतं.

आणि ही डोंगरातली माणसं? भरत नाहीत! उडते तेवढी उडू देतात.

मग त्या रिकाम्या जागेत, वाइनच्या अंगावर, यीस्टची साय धरते. आपल्या दुधावर धरते तशी, पण कागदाहून पातळ. त्या सायीखाली वाइन सहा वर्षं आणि तीन महिने पडून राहते आणि हळूहळू सोन्याच्या रंगावर जाते. तिला म्हणतातच पिवळी वाइन. तेवढ्या काळात ती भरायची नाही, ढवळायची नाही, हलवायची नाही. मध्येच कुणी वरून भरली, तर त्या पिंपाला पिवळ्या वाइनचं नाव लावता येत नाही. कायदा आहे तसा. पण कायदा नंतर आला. त्याच्या आधीपासून गावाचा शब्द होता.

अनातोलबाबा एक्याऐंशी वर्षांचे. साठ वर्षं हेच करत आलेले. किंवा, खरं सांगायचं तर, काही न करत आलेले. गावात त्यांना ‘पेर’ म्हणत. पेर म्हणजे बाप. ऋजुताच्या तोंडून पहिल्याच आठवड्यात चुकून ‘बाबा’ निघून गेलं. म्हाताऱ्यानं अर्थ विचारून घेतला आणि खूश झाला.

“हेच म्हण,” तो म्हणाला. “पेर म्हटलं की मला उगाच चर्चमधला पाद्री झाल्यासारखं वाटतं.”

ऋजुता ढिकले दिंडोरी तालुक्यातली. वडिलांची द्राक्षबाग. वाइनशास्त्रात विद्यापीठात पहिली, सुवर्णपदकासह, त्यावर फ्रान्समध्ये दोन वर्षं शिकलेली. वय चोवीस. डोक्यात एकच वेड : अशी वाइन आपल्या मातीत करून दाखवायची. नाव निराळं द्यावं लागेल, देऊ. पण सहा वर्षं? एवढी वर्षं थांबायचं कुणी? तिनं वहीत गणित मांडलं होतं. तापमान धरून ठेवायचं, यीस्ट निवडून सोडायचं, की अठरा महिने. फार तर वीस.

पहिल्या दिवशी तिनं ती वही बाबांसमोर ठेवली होती.

बाबांनी पानं उलटून पाहिली.

“अक्षर छान आहे,” ते म्हणाले.

“आणि गणित?”

“गणितही छान आहे. त्यात वाइन कुठं आहे?”



“मग मी इथं शिकायचं तरी काय, बाबा?”

“पिंप न भरायला.”

“त्याला किती दिवस लागतात?”

“मला तीस वर्षं लागली.” बाबांनी वही परत दिली. “तू विद्यापीठात पहिली आलेली. तू एकोणतिसांत करशील.”

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं प्रोफेसरबाई.

जानेवारीत बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात गेले. चार दिवसांसाठी. जाताना दारातून म्हणाले, “कोंबड्यांना दाणे घाल. पिंपांना काही करू नकोस.”

“काही म्हणजे?”

“काहीही.”

तिसऱ्या दिवशी ऋजुता कोठारात गेली. बाहेर गुडघाभर बर्फ. सात नंबरच्या पिंपाजवळ तिला आंबूस वास आला. व्हिनेगरचा. तो नाकात शिरला आणि तिच्यातली पदवी ताडकन उठून उभी राहिली. तिनं बूच काढलं, आत टॉर्च मारला.

साय पांढरी नव्हती. करडी पडलेली, फाटलेली. मध्येमध्ये भोकं. काही तुकडे खाली बुडत चाललेले.

चार वर्षांची वाइन! आणि ती डोळ्यांदेखत नासू द्यायची? बाबांना विचारावं, तर ते डोळ्यांना पट्टी बांधून पडलेले. कॉलेजात शिकवलं होतं की धोका दिसला की हवेची वाट बंद करा. तिनं गेल्या वर्षीच्या वाइनच्या टाकीला नळी लावली. साठ लिटर मावली. पिंप काठोकाठ भरलं, बूच घट्ट बसवलं, कपाळावरचा घाम पुसला. बुडत्याला बाहेर काढल्यासारखं वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी शेजारची ओदील अंडी न्यायला आली. ऋजुतानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “साय करडी पडली, फाटली, तर काय करतात हो?”

“आत्ता? जानेवारीत?” ओदील हसायला लागली. “अगं, थंडीत ती बसतेच. वसंतात आपली आपण उठते. माझा नवरा पण तसाच आहे.”

ऋजुताला हसता आलं नाही.

“आणि... व्हिनेगरचा वास आला तर?”

“बुचाभोवती थेंब सांडलेले असतात, त्यांचा असणार. फडक्यानं पुसून घ्यायचं.”

फडक्यानं!

तिला आई आठवली. विरजण लावलेल्या पातेल्याला आई बोट लावू द्यायची नाही. हलवू नकोस गं, दही मोडेल. पाचव्या वर्षी कळलेली गोष्ट होती ही. पहिली येता येता कुठं सांडली कोण जाणे.

बाबा परत आले. दुसऱ्या सकाळी नेहमीसारखे कोठारात गेले. त्यांची ती रोजचीच फेरी. हात पाठीमागे, मान एका बाजूला कललेली; प्रत्येक पिंपावर बोटाच्या सांध्यानं टकटक करायची, ऐकायचं, पुढं सरकायचं. ऋजुता दाराशी उभी होती. बाबा सातपाशी आले. टकटक केली. ऐकलं. आठकडे गेले.

सुटले, असं वाटलं तिला.

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना.

सांगायचं रोज ठरायचं. आज कॉफीच्या वेळी, उद्या कोंबड्यांना दाणे घालताना. पण सांगितलं तर बॅग भरावी लागणार. तिनं पाहिलेलं सगळं स्वप्न या एका म्हाताऱ्याच्या कोठारात होतं. आणि बॅगेचं एक वेळ जाऊ दे; त्या चेहऱ्याकडे बघायचं कसं? फेब्रुवारी संपत आला.

आणि आज अकरा वाजता तपासणीचा माणूस येणार होता. कोणकोणती पिंपं सायीखाली आहेत, न भरलेली आहेत, याची यादी त्याला लिहून द्यायची. खाली बाबांची सही. बाबांना अजून बारीक दिसत नव्हतं म्हणून ते सांगत होते आणि ऋजुता लिहीत होती. यादीत सात आलं, तर साठ वर्षं खरं वागलेल्या माणसाच्या सहीवर तिचं खोटं बसणार होतं.

म्हणून तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बाबा ‘सात’ म्हणाले, की पेन खाली ठेवायचं आणि बोलून टाकायचं.

आणि बाबा सात म्हणालेच नाहीत.

विसरले. म्हातारपण. सात यादीत नाही म्हणजे खोटंही नाही. सही स्वच्छ, तपासणी स्वच्छ. पुढं कधी बाबांच्या लक्षात आलं, तर तेव्हाचं तेव्हा. तिनं फक्त आठ लिहायचं होतं आणि काही करायचं नव्हतं.

काही न करणं. तेच तर शिकायला ती इथं आली होती!

शाईचा ठिपका आता मुगाच्या दाण्याएवढा झाला होता.

“बाबा,” ती म्हणाली. “सात राहिलं.”

लोण्याची सुरी थांबली.

“राहिलं?”

“सहानंतर तुम्ही आठ म्हणालात.”

“म्हातारा झालो. मग लिही सात.”

“नाही लिहिता येणार.”

“का? पेन संपलं?”

तिनं पेन खाली ठेवलं.

“प्रोफेसरबाई?”

“ते मी भरलंय, बाबा.”

एकदा ते वाक्य बाहेर पडलं आणि मागून सगळंच आलं. आंबूस वास, करडी साय, नळी, ओदील. दीड महिना गिळलेलं सगळं ती एका दमात बोलली. आवाज फुटला, पण थांबली नाही.  तिचं संपलं तेव्हा त्यांनी ब्रेडचा घास घेतला. चावला. गिळला.

“काठोकाठ?”

“काठोकाठ.”

“कशानं?”

“गेल्या वर्षीच्या वाइननं. साठ लिटर.”

“गेल्या वर्षीची बरी होती,” बाबा म्हणाले. “जरा आंबट. पण बरी.”

“बाबा, तुम्ही रागवा तरी!”

“अकराला माणूस येतोय. वेळ कुठं आहे?”

ते उठले. काठी घेतली. अंगण ओलांडून कोठाराकडे निघाले. ऋजुता मागून. बर्फ वितळून अंगणात सगळा चिखल झाला होता.

कोठारात बाबा सहाव्या पिंपाशी थांबले. वरच्या अंगाला टकटक केली. पोकळ आवाज आला, ढोलकीसारखा.

मग सातवर टकटक केली. आवाज आलाच नाही. भिंतीवर टकटक केल्यासारखं.

“ऐकलंस?”



“म्हणजे त्याच सकाळी... तुम्हाला चाळीस दिवस माहीत होतं?”

“एकेचाळीस.”

“मग मला विचारलं का नाहीत?”

“मी बूच काढून बघत नाही.”

 मग तिला एकदम रागच आला. स्वतःचा, त्यांचा, त्या एकेचाळीस दिवसांचा.

“आणि आज मी बोलले नसते तर?”

“तर आठ लिहिलं असतंस.”

तिनं सातच्या लाकडावर हात टेकवला.

“मेली का हो ही वाइन?” तिनं शेवटी विचारलं. अगदी हळू.

बाबांनी खिशातून पेला काढला. पिंपाच्या पोटाशी खालच्या बाजूला बारीकशी तोटी असते, वरच्याला धक्का न लावता चव घ्यायला. तोटी फिरवली, पेल्यात दोन बोटं वाइन घेतली, उजेडात धरली, नाकाशी नेली. चेहऱ्यावर पुन्हा ती भिंत. त्यांनी पेला तिच्या हातात दिला.

“तू सांग.”

“मला भीती वाटते.”

“नाकाला कसली भीती? सुवर्णपदक त्यालाही मिळालंय ना?”

तिनं डोळे मिटले. पहिल्यांदा आली ती नवी वाइन. कच्च्या सफरचंदासारखी, उथळ, बडबडी. तिचीच करणी. तिनं पुन्हा श्वास घेतला. खाली... बरंच खाली... अक्रोड. आणि त्याच्याही खाली, ओळखीचं काहीतरी. घरचं. तुपात भाजलेलं, कडसर, गोडसर.

“मेथी!” ती मराठीतच ओरडली.

“काय?”

“मेथी, बाबा! मेथीचे लाडू! आमच्याकडे बाळंतिणीला देतात.”

“कशाला?”

“अंगात पुन्हा ताकद यावी म्हणून.”

बाबांनी पिंपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मग हिलाच जास्त गरज आहे,” ते म्हणाले. “जा. काचेचे मोठे बरणे आण. सगळे.”

तोटीखाली एकेक बरणा लागू लागला. वाइन बारीक धारेनं पडत होती. बाबा पिंपाला टेकून उभे होते. एक हात काठीवर, दुसरा पिंपावर. मधूनमधून टकटक करायचे आणि मान हलवायचे. अजून नाही. दुसरा बरणा झाला. अजून नाही. तिसरा, चौथा...

“हिचं करायचं काय, बाबा?”

“दुपारी ओदीलच्या नवऱ्याला बोलावू. वसंत जवळ आलाय. त्याला उठवायला हवं.”

ऋजुताला हसू फुटलं. थांबेना. बरणा धरलेले हात हलायला लागले, तशी बाबांनी काठीनं तिच्या बुटावर हलकेच मारलं.

“हलवू नकोस.”

हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि एकेचाळीस दिवसांनी तिला सपाटून भूक लागली.

पाचवा बरणा अर्धा झाला, आणि बाबांच्या बोटाखाली पिंप बोललं. आधी दबकं. मग मोकळं.

“बस.”

तिनं तोटी बंद केली.

“साय पुन्हा धरेल?”

“ती गेली कुठं होती? लाकडात बसलीय. वर जागा मिळाली की येईल.”

“आणि नाव?”

“नाव गेलं.”

ते त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. ऋजुतानं मान खाली घातली. चार वर्षं एका दुपारी गेली होती, आणि त्यावर कुणी फुंकर घालत नव्हतं. पण छातीवरचा धोंडा उतरला होता, तो कुठं उतरला तेही तिला दिसत होतं. समोर, पाच बरण्यांत, दारातून आलेल्या उन्हात चमकत होता.

“नाव गेलं,” बाबा पुन्हा म्हणाले. “वाइन आहे.”

त्यांनी बाहीनं पिंपाच्या तोंडावरचं जुनं वर्ष पुसलं आणि खिशातला खडू तिच्यापुढं धरला.

“आजची तारीख लिही.”

तिनं लिहिली. छान अक्षरात.

मग ती परत घरात पळाली. यादी आणली, गुडघ्यावर धरून आठ लिहिलं, नऊ लिहिलं, दहा लिहिलं. बाबांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला, ओळींवरून अंगठा फिरवला आणि सही केली. सहा आणि आठच्या मध्ये तो शाईचा ठिपका तसाच होता.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

“सात,” ती म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. ठिपका राहू दिला.

बाहेर चढावर मोटारीचा आवाज आला. तपासणीचा माणूस वेळेआधी आला होता. ऋजुता उठली नाही. ती खडूच्या तारखेकडे बघत बोटं मोजत होती. तिची जुनी खोड.

“सहा वर्षं आणि तीन महिने,” ती म्हणाली. “आजपासून.”

“आजपासून.”

“मी तेव्हा तीस वर्षांची असेन.”

“ये मग. सगळ्यात आधी तूच चाख.”

“आणि तुम्ही...” ती अडखळली. “तुम्ही सत्त्याऐंशीचे...”

 मोटारीचं दार वाजलं. कुणीतरी चिखलातून चालत येत होतं.

बाबांनी बोट वाकवलं आणि सात नंबरच्या पिंपावर टकटक केली. पोकळ, मोकळा आवाज सगळ्या कोठारात घुमला. मग त्यांनी लोकरी जाकिटाचं एक बटण काढलं, त्याच बोटानं स्वतःच्या छातीवर टकटक केली आणि रोज सकाळी करत तशी मान एका बाजूला कलती करून ऐकलं.

“हं,” ते म्हणाले. “इथंही अजून जागा आहे.”